दहापैकी सहा

ताईच्या उजव्या भुवईत कागद चिकटवायच्या खळीचा एक कण वाळून बसला होता — तांदळाच्या कणीएवढा, पांढरट, खिडकीतलं कोवळं ऊन पडलं की चमकणारा — आणि गेल्या सात मिनिटांत सेबोमला त्याच्याशिवाय दुसरं काही दिसलंच नव्हतं. ताईने सकाळपासून तीनदा तोंड धुतलं होतं, आईची लाली ओठांना लावून, पुसून, पुन्हा लावली होती, पण कालच्या कामावरचा हा कण काही जागचा हलला नव्हता. जसा काही तोही मुलाखतीला आला होता. लॅपटॉपच्या पडद्यावरच्या त्या लाल दाढीवाल्या माणसाला तो दिसत असेल का? इथे कोरियातल्या गुन्सानमध्ये शनिवारची सकाळ, तिकडे कॅल्गरीत अजून शुक्रवारची दुपार; एवढा थोरला समुद्र ओलांडून एवढासा कण दिसतो का... आणि दिसलाच, तर त्याला कळेल का की ह्यापुढे काही विचारायचंच नसतं, जिच्या भुवईत खळ असते तिला भिंती येतात, विषय संपला.

सेबोम बैठ्या टेबलाच्या कडेला, कॅमेऱ्यात येणार नाही अशी, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वय सतरा, शाळेचं शेवटचं वर्ष दोन आठवड्यांवर आलेलं, इंग्रजीत वर्गात पहिली — आणि म्हणून गेले तीन आठवडे आपल्या एकतीस वर्षांच्या ताईची, बोरामची, मास्तरीण. मांडीवर तीन पाट्या होत्या, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर जाड पेनाने लिहिलेल्या. एकीवर 'हस'. दुसरीवर 'हळू बोल'. आणि तिसरीवर, लाल शाईत, पानभर: 'नऊ'.

कारण हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. तिकडचे लोक विचारतातच — तुमच्या कामात तुम्ही स्वतःला दहापैकी किती गुण द्याल? दहा म्हणायचं नाही, दहा म्हणणारा थापाड्या वाटतो, आठ म्हटलं तर बिचकल्यासारखं, नऊ. तिने दहा ठिकाणी वाचून, पडताळून नऊ पक्का केला होता, आणि जेवताना, भांडी विसळताना, दात घासताना ताईकडून तो घोटून घेतला होता. म्हणजे, घ्यायला गेली होती.

"म्हण, मी या कामात तरबेज आहे."

"मी या कामात... मेहनत घेते."

"तरबेज, ताई."

"स्वतःच्या तोंडाने कोण म्हणतं गं असं? लाज नाही वाटत?"

"तिकडे सगळे म्हणतात."

"म्हणूनच तिकडे भिंतींना नुसता रंग फासतात."

हे मात्र खरं होतं. तिकडे घरोघरी रंग. भिंतीला कागद लावतात तो हॉटेलांत नाहीतर जुन्या बंगल्यांत, आणि ते काम करणारी जी मोजकी माणसं होती ती म्हातारी होत चालली होती. म्हणून तर ह्या दाढीवाल्याच्या कंपनीला बाहेरून माणूस हवं होतं, आणि म्हणून तर सेबोमला ती जाहिरात सापडली त्या दिवशी ती जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत धावत सुटली होती — ताई, तुझ्यासाठीच लिहिलीय, अगदी तुझं नाव घालायचं राहिलंय.

आणि पडद्यावरच्या माणसाने विचारलं. दहापैकी?

सेबोमने लाल पाटी उचलली. ताईने ती पाहिली. पाहिली नाही असं म्हणायला जागाच नव्हती, डोळे सरळ पाटीवर आले, क्षणभर थांबले. मग ताईची मान किंचित खाली गेली, मुकादमबाईंसमोर जाते तशी, घरमालकासमोर जाते तशी, जन्मभर गेलेली — आणि ताई म्हणाली, "सहा." आणि तेवढंही फार झालं असं वाटून, घाईघाईने, "सहा, कदाचित. अजून पुष्कळ शिकायचं आहे. पण मी मन लावून करीन."

"सहा," माणूस म्हणाला. चांगला माणूस होता, हसला. आणि त्याने ते लिहून घेतलं. पेन हलताना स्पष्ट दिसलं.

सेबोमच्या पोटात काहीतरी हललं. रागच असणार. रागाशिवाय दुसरं काय असणार...

माणूस आणखी थोडा वेळ बोलला. अनुभवाचं कुणाचं पत्र नाही, ही अडचण आहे, म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, असं करा, दोन-तीन मिनिटांचा एक व्हिडिओ पाठवा, प्रत्यक्ष काम करतानाचा, आणि काय चाललंय ते कुणीतरी इंग्रजीत सांगा. सोमवारी माझा भागीदार आणि मी तो बघू आणि त्यावर ठरवू. पडदा काळा झाला. काळ्या पडद्यात ताईचा चेहरा, आणि मागे ती भिंत.

"सेबोम," ताईने हळूच विचारलं, "जास्त झालं का गं?"

"काय?"

"सहा. पाच म्हणायला हवं होतं का?"

सेबोम जमिनीवर आडवी झाली आणि 'नऊ'ची पाटी तिने तोंडावर ओढून घेतली.

*

पाटीखाली उजेड लालसर होता, शाईचा वास होता, आणि खालून जमिनीची ऊब पाठीत चढत होती. ती भिंत... गुरुवारी कामावरून आल्यावर ताईने ती नव्याने केली होती, तेवढी एकच, कॅमेऱ्यात दिसेल तेवढी. उरलेल्या तिन्ही भिंतींचा कागद सेबोमच्या जन्माच्याही आधीचा, पिवळा पडलेला. आणि माणसाने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. कसं पाहील? त्याला वाटलं असेल, भिंत आहे. चांगल्या लावलेल्या कागदाचं हेच तर दुःख असतं, तो लावलाय हे कुणाला दिसतच नाही.

त्याच भिंतीपासून सगळं सुरू झालं होतं. सेबोम तेव्हा बारा-तेरा वर्षांची. ताई सोलहून परत आली ती एक बॅग आणि एक उशी घेऊन. तीन वर्षं एका खोलीत — खोली कसली, कपाट म्हणायचं, झोपलं की पाय टेबलाखाली जायचे — सरकारी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करून, तिसऱ्या वेळी दीड गुणाने राहिलेली. त्यानंतर सोलमध्येच तीन ऑफिसं झाली, प्रत्येकी अकरा महिने, कारण बारावा महिना भरला की माणूस निघताना मालकाने पैसे मोजायचे असतात आणि ते कुणा मालकाला मोजायचे नसतात. घरी आल्यावर ताई ह्या भिंतीकडे तोंड करून झोपली. दोन महिने. झोपल्या झोपल्या नखाने कागदाचा सांधा उकरायची. आधी बोटभर, मग वीतभर, मग तळहाताएवढी भिंत उघडी पडली. बाबा कारखाना बंद पडल्यापासून परगावी कामाला, महिन्यातून एकदा येणारे. ते आले, त्यांनी पाहिलं, आणि परत कामावर गेले. आई शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं सूप ढवळून येणारी बाई, तिच्याकडे हळुवार बोलायला उसंत नव्हती. तिने एक दिवस खळीचं पाकीट ताईच्या उशीशी टाकलं.

"उकरलंस तूच, लाव तूच."

ताईने लावला. वाकडा बसला. काढला, परत लावला. चार दिवस तेवढ्या तळहाताएवढ्या जागेशी ती झुंजत होती, आणि पाचव्या दिवशी सेबोम शाळेतून आली तर ताई उठून बसलेली, केस धुतलेले, आणि भिंतीवर सांधा कुठे आहे ते सापडेना. सेबोमने भिंतीला गाल लावून, एक डोळा मिटून शोधला. नाहीच सापडला. तेव्हापासून, खरं सांगायचं तर, सेबोमला जगात कशाचंच तितकं आश्चर्य वाटलं नव्हतं.

आणि ही बाई सहा.

पण एकटा आकडाच आडवा आला असता तर गोष्ट वेगळी. त्या अर्जात — सेबोमनेच तर बसून भरला होता — परीक्षेची तीन वर्षं म्हणजे रिकामी जागा. अकरा-अकरा महिने म्हणजे, का सोडलंत? जपानी भाषेची पदवी म्हणजे, त्याचा इथे काय संबंध? आणि चार वर्षं ज्या हातांनी अर्ध्या गुन्सानच्या भिंती नेसवल्या, त्यांचा पुरावा काय, तर मुकादमबाईंचे मेसेज: उद्या साडेसहा, तिसरी इमारत, बाराव्या मजल्यावर. रोजंदारीवर पत्र कोण देतं? वरून तिकडे स्थायिक होण्यासाठी मोजतात ते वयाचे गुण, तिशीनंतर दर वाढदिवसाला पाच कमी. म्हणजे आई वाढदिवसाच्या सकाळी समुद्रशेवाळाचं सूप पुढे ठेवते आणि तिकडे कॅनडात कुणीतरी पाच गुण खोडतं. वर्गातली एक मुलगी, दातांच्या डॉक्टरांची, चौदाव्या वर्षीच व्हँकुव्हरला मावशीकडे गेली, पावडरचा डबा उचलावा इतक्या सहज, आणि तिला तर इथेही काही कमी नव्हतं. ताईला मात्र एकेक कड सोडवावी लागत होती. आणि गंमत म्हणजे अडवत कुणीच नव्हतं. आई जा म्हणत होती. बाबा फोनवर जा म्हणत होते. कुणी हात धरला असता तर झटकता तरी आला असता...

आज सकाळी आईने ताईच्या हातात चिकट तांदळाचा गोळा ठेवला होता, आत गोड घेवड्याचं सारण. परीक्षेच्या दिवशी चिकट खायचं, निसटायचं नाही. शेवाळाचं सूप तर त्या दिवशी घरात शिजवायचंही नाही, बुळबुळीत असतं. ताईने मुकाट्याने खाल्ला. आई बघत होती, आणि सेबोम आईकडे बघत होती. चिकटू दे म्हणून दिलास ना, आई? पण कुठे?

"पाटी काढ तोंडावरची," आईचा आवाज आला. "आणि ताईबरोबर जा. व्हिडिओ काढायचाय म्हणे. दुपारचं जेवण तिथेच करा, डबा दिलाय."

"आई, तिने सहा सांगितलं."

आई दारात थांबली. बाहेर जायचं जाकीट अंगात घालत होती, एक बाही राहिली होती. "सहा?" ती म्हणाली. मग दुसरी बाही घातली. "बरी धीट झालीय की."

*

बारावा मजला. एका नवरा-बायकोचं नवं घर, अजून सामान यायचं होतं, आणि रिकाम्या खोलीत बोललेला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येत होता. मुकादमबाई, कू बाई — साठीच्या, ठेंगण्या, कानावर पेन्सिल — खळीच्या यंत्रातून कागद ओढून घड्या घालत होत्या. सेबोमकडे पाहून त्यांनी मान हलवली.

"हीच का ती इंग्रजीवाली?"

"हो, बाई."

"आमची पोरगी पळवून नेणारी."

बाई हसत म्हणाल्या, आणि सेबोमही हसली, आणि फोन तिने उगाच बाहीला पुसला.

छताचं काम होतं. ताई फळीवर चढली. ही फळी दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकलेली, वीतभर रुंद; आणि आता सेबोम फोन वर धरून बघत राहिली, बटण दाबायचं विसरून, कारण फळीवर चढलेली ताई म्हणजे जमिनीवरची ताई नव्हेच. मान मागे, घडी केलेला ओला कागद डाव्या हातावर झोपवलेल्या बाळासारखा, उजव्या हातात रुंद ब्रश, आणि ती न बघता फळीवरून मागे मागे चालत जायची आणि कागद तिच्या मागोमाग छताला जाऊन बसायचा, घडी उलगडत, घडी उलगडत, पायांना फळीचं टोक आपोआप कळत होतं, टोकाशी पोचल्यावर पट्टी टेकवून पात्याची एकच रेघ — सर्र — आणि उरलेली कड रिबनसारखी खाली. पातं बोथट व्हायच्या आत मोडायचं, नवं टोक. एका रेघेत काम झालं पाहिजे, दुसरी मारली की कागद फाटतो. तिला दुसरी मारताना सेबोमने कधी पाहिलं नव्हतं.

सहा. अरे, सहा म्हणे.

तिने बटण दाबलं आणि बोलायला लागली, आणि इंग्रजीतली होती नव्हती ती सगळी विशेषणं एका दमात बाहेर पडली. मुकादमबाईंना शब्द कळत नव्हता, पण त्या खोकल्या. "काय विकतेयस? टीव्हीवरची कढई?" फळीवरून ताई हसली, फळी हलली, कागद हलला. पहिला व्हिडिओ पुसावा लागला.

दुसऱ्यांदा फोन वर धरला तेव्हा तिला ते दिसलं. लावून झालेला कागद छतावर सुरकुतला होता. मध्ये मध्ये फुगे, झोळ, जणू कुणी निष्काळजीपणे चिकटवून पळून गेलंय. अर्थात सेबोमला माहीत होतं. कड पक्की चिकटवायची आणि मधला भाग मोकळा सोडायचा. पूर्ण चिकटवला तर भिंतीतला एकेक खड्डा कागदावर उठून दिसतो. ओला असताना झोळ पडतो. रात्रभर खिडक्या बंद ठेवायच्या, घाई करायची नाही, आणि सकाळी तोच कागद ढोलासारखा ताणून बसलेला असतो, सपाट, एक रेघ नाही. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

त्या माणसाला नव्हतं. तिकडे सगळाच्या सगळा कागद चिकटवतात. तो सुरकुत्या बघणार, भागीदाराकडे बघणार, आणि म्हणणार, बरोबर आहे, सहा.

"ताई, हे झोळ दिसणार त्याला."

"दिसू देत. उद्या बसतोय की."

"त्याला उद्याचं कसं कळेल?"

"तू सांग ना." ताई वरून म्हणाली, ब्रश थांबवलाही नाही. "तुझ्या तोंडून शोभतं ते. मला काय, मी नुसती लावते."

तू सांग ना. आणि सेबोम फोन वर धरून उभी राहिली आणि सकाळपासून पोटात हलणारं ते काय आहे ते तिला एकदम, लख्ख दिसलं — आंबवलेल्या मुळ्याच्या किमचीचं गारेगार पाणी घशाखाली उतरावं तसं ते होतं. ताई सहा म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं होतं. मला. तीन आठवडे जिने पाट्या रंगवल्या, जिना धावत जिने जाहिरात आणली, त्या मला. राग नव्हताच; राग मी वरून पांघरला होता. सहा लिहून घेतलं म्हणजे आता ही जात नाही, म्हणजे उद्याही दाराशी खळ लागलेले बूट असतील, मालवलेल्या दिव्याखाली पलीकडच्या गादीवरून कुणीतरी म्हणेल, सेबोम, झोपलीस?... आणि म्हणूनच का मी तिचं इतकं कौतुक करत आले, की कौतुकालाही खळ असते, कडेकडेने लावलेली?

आणि किती सोपं होतं आता. काही वाईट बोलायचं नव्हतं, खोटंही नाही. फक्त झोळांबद्दल गप्प राहायचं. ताईला भरभर बोललेलं इंग्रजी कळत नाही. बाईंना तर मुळीच नाही. ब्रश सुंदर चालतोय, पात्याची रेघ सरळ आहे, ही माझी ताई, धन्यवाद. माणूस स्वतःच्या डोळ्यांनी सुरकुत्या बघेल आणि सोमवारी नम्रपणे नाही म्हणेल, आणि ताई म्हणेल, सहा जास्तच झालं बघ, आणि आम्ही लोळून हसू. जन्मभर कुणाला कळणार नाही.

"बाई," तिने विचारलं, वेळ काढायला विचारलं, "ताईबद्दल एक वाक्य सांगा ना. मी इंग्रजीत करीन."

"मी?" कू बाईंनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. चार वर्षांत त्यांनी बोरामला एकदाही चांगलं म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. त्या छताकडे बघत राहिल्या, जिथे सांधा असायला हवा होता तिथे. "कामाला येते पोरगी," त्या म्हणाल्या, आणि वळून खळ ढवळायला लागल्या, गरज नसताना.

फळीवर ताईचा ब्रश थांबला होता. ती वर तोंड करूनच उभी होती, छताकडे, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. नुसती हनुवटी. कामाला येते. गुन्सानमध्ये ह्याचा अर्थ कुणालाही विचारा. आणि हे इंग्रजीत शब्दाला शब्द गेलं तर काय उरेल, चार रुक्ष शब्द, पाच गुणांचे...

सेबोमने फोन वर केला. छत, झोळ, ताईचे हात, भुवईतला तो कण, सगळं चौकटीत आलं. तिने कोपर छातीशी दाबून धरलं.

"ही जी सुरकुत्यांची जागा दिसतेय," ती इंग्रजीत म्हणाली, सावकाश, विशेषणाशिवाय, स्वतःचा आवाज रिकाम्या खोलीतून दुसऱ्यांदा परत आला तेव्हा तो तिला तिच्यापेक्षा वयाने मोठ्या कुणाचा तरी वाटला, "ती चूक नाही. ही पद्धत आहे. कड पक्की धरायची आणि मध्ये मोकळं सोडायचं. ओलं आहे तोवर, आज, हे असंच दिसणार. तिच्या मुकादमबाईंनी चार वर्षांत आज पहिल्यांदा तिला चांगलं म्हटलं. ती तुम्हाला सहा म्हणाली. आमच्याकडे सहा असंच म्हणतात."

पुढचं वाक्य तिला माहीत होतं, ते फक्त उच्चारायचं राहिलं होतं. वर ताई मागे मागे चालत होती, न बघता, पायांना फळीचं टोक कळत होतं. आणि सेबोमला आपल्या आत सगळीकडे झोळ पडलेला जाणवत होता, ओला, जड, नुसता कडांनी धरलेला, आणि तो ताणून बसेल की सुटून खाली येईल हे काही आज कळण्यासारखं नव्हतं.

"उद्या बघा," ती म्हणाली.